शाळा कशी सुधारली, ते सांगायचंय

गुरुजी, उद्या साताऱ्यात मुख्याध्यापकांच्या सभेत मला बोलायचंय. विषय, कराडजवळची आमची शाळा कशी सुधारली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारायला दुसरं कोणी सुचेना. शिक्षण खात्याचे साहेब म्हणतात, पडद्यावरच्या धड्यांमुळे. ज्यांनी भिंती रंगवून दिल्या, ते म्हणतात भिंतींमुळे. एका आईनं तर तोंडावर सांगितलं, "आमी घरी अभ्यासाला बसवून घेतो बाई, तवा पोरं वाचत्यात." तिचंही खोटं नाही. पण हे सगळं आधीपासून होतं, आणि तरी चौथीला भागाकार येत नव्हता.

मला राहून राहून माण तालुक्यातली आपली शाळा आठवते. माझी पहिलीच नोकरी. मी भागाकार शिकवतेय आणि तुम्ही, मुख्याध्यापक, पायजमा सावरत पोरांमध्ये सतरंजीवर येऊन बसता. एकदा नाही, रोज. मला वाटायचं, चुका काढायला. मधल्या सुट्टीत फणकाऱ्यानं विचारलं, तर म्हणालात, "आवं बाई, मला न्हाई जमत भागाकार शिकवाया. पोरं नुसती तोंडाकडं बघत्यात. तुमचं बघून शिकतोय." मुख्याध्यापकाला भागाकार शिकवता येत नाही, असं कुठं असतं का! मला ते खरंच वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी तेच केलं. चौथीच्या नव्या बाईंच्या वर्गात जाऊन बसले, म्हटलं, मला हे जमत नाही, दाखवा. महिनाभरानं त्या माझ्या वर्गात येऊन बसायला लागल्या, मुलं दोघींना हसायला लागली आणि कसं कोण जाणे, भागाकार यायला लागला. हुरूप आला म्हणून तिसरीच्या सरांच्या वर्गात बसले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी रजाच टाकली. ज्या औषधानं एक बरा होतो आणि दुसरा अंथरूण धरतो, ते औषध म्हणून सांगायचं कसं? तुमची शाळा तरी त्यानं सुधारली का, हे बघायला मी थांबलेच नव्हते.

आणि उद्या तुमचा विषय काढला, तर पुढचंही सांगावं लागेल, त्याची लाज वाटते. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तरी लिहिते. माझ्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा तुम्ही एसटीनं दोनदा तालुक्याला गेलात, "आमच्या बाई तेवढ्या ऱ्हाऊ द्या" म्हणून विनवलंत, हात हलवत परत आलात आणि वर माझीच माफी मागितलीत. गुरुजी, ती बदली मी मागून घेतली होती.