शॉकअपचा बोल्ट

मंगळवार, संध्याकाळ

गाडीच्या मागचा खडखडाट आज एकदाचा सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं.

महिन्यापूर्वी सोलापूरच्या गॅरेजवाल्या उस्मानचाचांनी मागचा, धक्के झेलणारा शॉकअप नवा बसवला. नमाजाला जाताना मला बजावून गेले होते, "खालचा बोल्ट आत्ता आवळू नका. मी आलो की गाडी जमिनीवर टेकवू, मग आवळू." मला कसली एवढी घाई होती? माढ्याला पाहुण्यांकडे जेवायला जायचं होतं, बस्स. गाडी जॅकवर असतानाच पाना घेतला, बोल्ट गच्च आवळला आणि निघालो.

आठवड्यात आवाज सुरू. मग मीच चार गिऱ्हाइकांसमोर चाचांवर ओरडलो, "जुना माल घातला तुम्ही!" ते हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळले. बोल्ट कुणी आवळला ते त्यांना कळलं असेल? कळलंच असणार.

आज मोहोळच्या मिस्त्रीनं शॉकअपचं फाटलेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं. "गाडी हवेत असतानाच आवळलंय की हे. रबर पिळून फाटलं. कुणी केलं असलं येड्यागत काम?"

त्या दिवशी पाना माझ्याच हातात होता. तरी तोंडातून पटकन निघालं, "सोलापुरात एक चाचा आहेत."