‘चाल स्वतंत्र’

ती. गुरुबसप्पामामांना शरणार्थ.

काल तुमचं संगीत नाटक पाहिलं. अंगाईच्या पदाला वन्स मोअर मिळाला. थिएटरात विकलेल्या पदांच्या पुस्तकात तुम्ही प्रत्येक पदावर मूळ चाल कोणती ते छापलंय. या पदावर मात्र ‘चाल स्वतंत्र’, म्हणजे तुमची स्वतःची. मामा, ही तर तुमच्या बहिणीची, माझ्या आईची कन्नड अंगाई! तिनंच बांधलेली.

वन्स मोअरला आई नकळत स्वतःचे कन्नड शब्द गाऊ लागली. मागची बाई खेकसली, “ओ मावशी, गप बसा की! चाल बिघडवताय.”

“चुकलं बाई,” आई म्हणाली.

उद्याच्या तुमच्या सत्कारात, घरातली पहिली बी.ए. म्हणून, मला बोलायचंय. मी खरं सांगते म्हटलं, तर आईनं शपथ घातली, “माझ्या भावाचं नाव घालवू नको. पत्रसुदिक टाकू नको.” म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. पण उद्या तुम्हीच तिचं नाव घ्याल का?

आज सकाळी वहिनीचं बाळ रडायला लागलं. आईनं पाळणा हलवला, पण मुकाट्यानं. मी म्हटलं, “गा की.”

ती म्हणाली, “नको. मला चाल नीट येत न्हाय.”

तुमची भाची,
महानंदा