पाणी मारणाऱ्याचं नाव

५ मे, सोमवार
सकाळच्या शिबिराला बारा मुली. बॉल बॅडमिंटनचा नवा चेंडू काढला. पिवळी लोकर हाताला लागली की मनगट अजून शिवशिवतं. राज्याच्या संघातून खेळलो त्याला पस्तीस वर्षं झाली, पण मनगटाला कोण सांगणार!

पेंटर बोर्डाचा मजकूर ठरवायला आला होता. येत्या रविवारी लागायचा, मैदानाच्या नव्या भिंतीवर. ‘मैदान उभारणारे’, खाली माझं नाव. पालकांचं म्हणणं, मुरुगेसनचंही घाला. माझी बायको सरोजा फिरत फिरत आली होती, ती पण तेच म्हणाली. मी तिला मराठीत म्हटलं, "त्याचं नांव कशास? पाणी मारणारा माणूस तो. उद्यां चुन्याच्या पोत्याचंही घालावं लागेल."

स्वतःच हसलो. मुरुगेसन चार हातांवर, कोर्टावर पाणी मारत होता.

त्याने नळ बंद केला. पाईप गुंडाळून जागेवर ठेवला. समोर येऊन म्हणाला, "पाणी मारून जालं, राव सार. जातों मी."

मराठीत. अगदी आमच्या घरातल्या मराठीत, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात मुरलेल्या, जिला पुण्याचे पाहुणे हसतात.

सरोजा माझ्याकडे बघेना. पेंटर तमिळमध्ये विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

६ मे
मु. आला नाही. बावीस वर्षांत त्याची आई गेली तेव्हाचे दिवस सोडले तर हा पहिलाच.

पाणी मी मारलं. एका कोपऱ्यात डबकं, बाकी धूळ. चुन्याची रेघ सापासारखी गेली. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. एकीने विचारलं, "मुरुगेसन अण्णा कुठे?" म्हटलं, बरं नाही. लगेच खोटं.

इथे वेडी बाभूळ होती, माणूस आत शिरत नव्हता. आम्ही दोघांनी तोडली. तो पितळी भांड्यांच्या कारखान्यात जायच्या आधी यायचा, मी ऑफिसच्या आधी. पैसा त्यानेही घेतला नाही, मीही नाही. मग मी उभारणारा आणि तो पाणी मारणारा, हे कुणी ठरवलं? मीच. आणि कधी ठरवलं ते आठवतही नाही.

८ मे, गुरुवार
कधी शिकला असेल? आमच्याचकडून. मी आणि सरोजा कोर्टाच्या कडेला रोज बोलायचो. सामन्यातही तेच, जोडीदाराला मराठीत सांगायचं, समोरच्या संघाला पत्ता नाही. आम्हा लोकांची ही जुनी खोड. बाहेर तमिळ, आणि लपवायचं असेल ते मराठीत. भिंतीला कान नाहीत म्हणून निर्धास्त. मु. म्हणजे मला भिंतच वाटला.

आता एकेक आठवतंय. त्याच्या शर्टाबद्दल. त्याच्या जावयाबद्दल. आणि काही वर्षांपूर्वी तिरुविसनल्लूर गावातलं त्याचं नवं घर बघायला गेलो होतो ते. त्याच्या बायकोने कॉफी आणली, पितळी टंबळरमध्ये, उभ्या पेल्यात. मी सरोजाला म्हणालो, "टंबळर बघून घे. नको वाटलं तर राहूं दे." मु. उठला, "ऊन फार आहे" म्हणाला, दुकानातून सोड्याच्या दोन बाटल्या आणल्या. बंद बाटल्या. कॉफी आत गेली. परतताना बसमध्ये मी म्हटलं होतं, किती समजूतदार माणूस.

लिहितानासुद्धा कान तापताहेत.

११ मे, रविवार
बोर्ड पुढे ढकलला. रंग वाळला नाही म्हणून सांगितलं.

तिरुविसनल्लूरला गेलो. मु. ओसरीवर पेपर वाचत. बायको उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, शेजारचे लोकही होते. "या सार, बसा." तमिळमध्ये, नेहमीसारखं. मी हळूच मराठीत सुरू केलं, "चुकलों मी, मुरुगेसन..."

त्याने थांबवलं. "तमिळात सांगा. हिलाही कळूं दे."

मी शेजाऱ्यांकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. म्हणालो, यंदा उन्हाळा कडक आहे. दहा मिनिटं बसून निघालो.

माफीसुद्धा लपवूनच मागायला गेलो होतो. स्टेट प्लेअर!

१४ मे
सरोजाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, हात थांबला. "तुम्हांस लाज कशाची वाटते? बोललां त्याची, की त्यास कळलं त्याची?"

सोमवारी विचारलं असतं तर त्याला कळलं त्याची, एवढंच म्हणालो असतो. आता... बहुतेक दोन्ही. ती म्हणाली, "ऐकून हसणारी मी होतें. मीही येतें." म्हटलं नको, आधी मी एकटा जातो.

१८ मे, रविवार
गेलो. आज शेजाऱ्यांची वाट बघितली नाही, टाळलंही नाही. त्याच्या बायकोला म्हटलं, अम्मा, तुम्हीही बसा. तमिळमध्ये सांगितलं. बोर्डाचं, चुन्याच्या पोत्याचं. मग टंबळरचं. शब्दन् शब्द सांगितला. तिला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, मु. ने सांगितलं नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज.

ती बाहेर आली ती कॉफी घेऊन. तोच पितळी टंबळर. माझ्यासमोर ठेवला.

मु. मराठीत म्हणाला, "बघून घ्या, राव सार."

तिला कळलं नाही. मला विचारलं, काय म्हणाले हे?

मी तिला तमिळमध्ये सांगितलं. मग कॉफी प्यालो, शेवटपर्यंत. ती उभी राहून बघत होती.

उद्या सकाळी सहाला मैदानावर येणार का, हे मु. ला विचारायचं मात्र धैर्य झालं नाही.