चादरीचं दुसरं टोक

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे भूक लागेल ती वेळ!

सिनेमासाठी लिहिलेलं नवरा-बायकोचं भांडण दिग्दर्शकांनी परत केलं. म्हणाले, "दोघं नुसती बसून बोलतायत. प्रेक्षकांनी बघायचं काय?"

मग तू आणि बाबा आठवलात. तुमचं कितीही वाजलेलं असलं, तरी वाळलेल्या चादरीची घडी तुम्ही दोघं मिळूनच घालायचात. तेच लिहिलं. भांडता भांडता दर घडीला ती दोघं जवळ येतात. शेवटी बोटांना बोटं लागतात आणि भांडणही मिटतं. दिग्दर्शक खूश!

मी मात्र तिथेच अडले. बाबा गेल्यापासून दुसरं टोक कोण धरतं गं?

यावेळच्या चादरी तशाच ठेव. मी येतेय.

तुझीच,
धाकटी