घोड्यांच्या दातांमागे

३ फेब्रुवारी
आजपासून संशोधन युद्धपातळीवर. सरांनी बजावलंय, २५ तारखेला पहिलं प्रकरण हातात पडलं नाही तर मुदतवाढीच्या अर्जावर सही नाही, पीएच.डी. गुंडाळा. गुंडाळा काय! माझा विषय, शहरातल्या रस्त्यांवरचे जुने दिवे. त्यावरचं एकुलतं एक पुस्तक लायब्ररीत सापडलं. घरी देत नाहीत, तिथेच वाचायचं. बसलो. विषयावर जबरदस्त पकड आली. चहाला उठलो.

४ फेब्रुवारी, सकाळ
संकट! समोरच्या टेबलावरच्या चष्मेवालीने गोड आवाजात विचारलं, तुमचं झालं की हे मला मिळेल का? म्हणजे हिचाही विषय दिवेच! माझे दिवे!

दुपार
बंदोबस्त केला. पुस्तक तळमजल्यावर, पशुवैद्यक विभागात, घोड्यांच्या दंतरोगांवरच्या जाड ग्रंथांमागे कोंबून आलो. तिथे गेल्या कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नसणार. याला म्हणतात रिसर्च मेथडॉलॉजी.

५ फेब्रुवारी
लायब्ररीचं कार्ड गायब. ताईच्या आवराआवरीत गेलं असणार. (मी तिच्याकडेच राहतो.) तसं म्हटल्यावर ती म्हणाली, तुझ्या खोलीत मी पाय ठेवत नाही, ठेवायला जागाच नसते. कार्डाशिवाय काउंटरवरच्या बाई आत सोडत नाहीत. नवीन व्हायला दोन आठवडे. या लोकांना संशोधन नकोच आहे.

१३ फेब्रुवारी
वेळ वाया घालवत नाहीये. ढीगभर पीडीएफ डाउनलोड केल्या. अजून उघडल्या नाहीत, पण आहेत म्हटल्यावर धीर येतो. चार रंगांचे फोल्डर आणले. निळा फारच देखणा. ताईने विचारलं, लिहून किती झालं? म्हटलं, ताई, सध्या पाया खणतोय. म्हणाली, खण, फक्त आत पडू नकोस.

२० फेब्रुवारी
कार्ड आलं! थेट घोड्यांकडे धावलो. पुस्तक नाही! सगळं कपाट उपसलं. पलीकडच्या शेळ्या उपसल्या, कोंबड्या उपसल्या. शिंकांवर शिंका. तेवढ्यात मागून चष्मेवाली. काय शोधताय, म्हणाली. घाबरून म्हटलं, घोडा. तिचा चेहराच उजळला. तिचा विषय जुन्या घोडागाड्या! एरवी रोज याच कपाटाशी बसते. गाड्यांच्या कंदिलांपुरती तिला त्या पुस्तकातली दोन पानं हवी होती. वर माझे आभार. मागितल्या मागितल्या पुस्तक माझ्या कपाटात आणून ठेवलंत, ओळख पटावी म्हणून कार्डही आत ठेवलंत, इतकं कोण करतं हो? असं म्हणून तिने माझं जुनं कार्ड हातात दिलं. पान चारवर होतं म्हणे.
पुस्तक? मागे कोंबल्याने त्याची पाठ निखळली. बाइंडिंगला गेलंय. येईल महिन्याभराने.

२४ फेब्रुवारी
खचलेलो नाही. आता कार्डं दोन आहेत.

२५ फेब्रुवारी
सर तिचेही गाइड आहेत हे आज कळलं. तिने प्रकरण कालच दिलं. त्यातले आभार सरांनी मला मोठ्याने वाचून दाखवले: दुर्मीळ पुस्तक आपणहून उपलब्ध करून दिल्याबद्दल, मला. ऊर भरून आला.
मग म्हणाले, आता तुमचं द्या.
फोल्डर दाखवले. निळा आवडला असावा, बराच वेळ बघत होते.
अर्ज परत दिला. सहीची जागा कोरी. निळ्यातच ठेवलाय. तो एवढे दिवस रिकामाच होता.