काळी पट्टी

आई, आधी आशीर्वाद दे, मग हवं तर रागाव.

मी मजेत आहे. रंगाच्या वासाने जरा खोकला येतो, एवढंच. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबांची होडी आमच्याच कारखान्यात रंगवायला आली! बाबांना माती देत होतो त्या दिवशी सिडोरकाका याच होडीतून पर्यटकांना निळ्या गुहा दाखवत हिंडत होता, आठवतं ना? आता मला म्हणतो, "पोरी, चकचकीत कर हं. लोक फोटो काढतात."

केली चकचकीत. होडीच्या तोंडावर रंगवलेले दोन डोळेसुद्धा नवे काढले. फक्त डोळ्यांवरची पिवळी पट्टी काळी केली, घरात कोणी गेलं की आपण करतो तशी.

रविवारी काका धक्क्यावर आला तेव्हा पर्यटक होडीत चढूनही बसले होते. त्याला ती तशीच न्यावी लागली. भर मासळीबाजारासमोर म्हातारे कोळी टोप्या काढून विचारू लागले, "सिडोर, कोण गेलं रे?"

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी धक्क्यावरच उभी होते. शेवटी त्यानेही टोपी काढली. "माझा भाऊ," म्हणाला. "नेनू."

मालक बहुतेक मला काढून टाकेल. टाकू दे. तीन वर्षांनी का होईना, काकाने बाबांसाठी टोपी काढली.

बाबांइतकीच हट्टी,
डोलोर