क्लेव्ही केंद्रातली त्रेचाळीस मतं

१८ नोव्हेंबर २०२४

आमच्या राजांनी, तोग्बेंनी, वाड्यावर बोलावलं होतं. गादीवर बसून त्यांना चाळीस वर्षं होतायत, डिसेंबरअखेर दरबार भरणार, आणि त्यात वाटायला आमच्या त्सिवेमे मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास हवा म्हणे. "दोत्से मास्तर, तुमच्याइतकं कुणाला आठवतंय? खरं तेवढं लिहा. चार तारखेला छापायला जाईल."

खरं तेवढं! वीस वर्षं तेच तर पोटात धरून बसलोय. लगेच हो म्हटलं. तोग्बेंना वाटलं असेल, म्हातारा मानाला भुलला. वाटू दे.

२० नोव्हेंबर

१९७९ झालं लिहून. तेव्हा सरोवरापलीकडच्या मतपेट्या होडीतून यायच्या. एक होडी दोन दिवस उशिरा आली. 'वारा पडला होता,' असं नावाडी म्हणाला. दोन दिवस? वल्ही काय जेवण ढवळायला ठेवली होती? मी विचारलं, तर मलाच गप्प बसवलं.

१९९२ — विरोधकांचा बहिष्कार. कंदील चिन्हाचा उमेदवार एकटाच धावला आणि पहिला आला. १९९६ कंदील. २००० पुन्हा कंदील.

आता २००४. आज नको.

२१ नोव्हेंबर

लिहितो, जसं घडलं तसं. एफो सेन्यो, माझा थोरला भाऊ, होडी चिन्हावर उभा राहिला. कंदील पाडायला निघालेला आमच्या गावचा पहिला माणूस. एकोणीस मतांनी पडला. आणि आमच्याच क्लेव्ही गावच्या केंद्रात त्रेचाळीस मतं बाद झाली!

कारण काय, तर मताचा अंगठ्याचा ठसा रेघेवर. दोन उमेदवारांच्या मधल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ठसे एकाच जागी, एफोच्या चौकटीच्या वरच्या रेघेवर. माझ्या वर्गात सगळ्यांचं एकच उत्तर एकसारखं चुकलं की मी एकच पोर शोधायचो. इतके अंगठे एका जागी चुकत नाहीत. ते एकाच माणसाचं काम.

केंद्रप्रमुख होता वोर्लान्यो. आम्ही एका बाकावर बसून शिकलो, पुढे एकाच शाळेत शिकवलं. मी त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी बेरजेला बसलो होतो. क्लेव्हीत असतो तर हात धरला असता त्याचा.

कागदावर लिहिलं: 'ही मतं बिघडवणाऱ्याचं नाव —' आणि पुढे जागा सोडली. दरबारात सगळ्या गावासमोर वाचलं जाणार आहे ते. घाई नको, पक्कं करून लिहायचं.

२४ नोव्हेंबर

दावी एसिनामकडे जेवायला गेलो. माझी थोरली बहीण, आणि त्या दिवशी केंद्रात एफोची प्रतिनिधी. निकालाच्या कागदावर तिची सही आहे. विचारलं, का केलीस सही?

"मोजणी बरोबर होती म्हणून."

"आणि अंगठे? ते कुणाचे होते?"

"लोकांचे. आक्प्लेचा गोळा गार होतोय, दोत्से. जेव."

माझ्याकडे बघितलं नाही. भेंडीचं कालवण वाढताना डाव तीनदा भांड्यावर आपटला. हिला काहीतरी ठाऊक आहे. सख्खी बहीण, आणि मी तिच्या ताटात जेवताना चव घेत नाही, तिचा चेहरा वाचतो. वीस वर्षं असंच चाललंय.

२५ नोव्हेंबर

एसिनामच्या घरावर २००५ साली नवे पत्रे चढले. कुणी दिले?

२६ नोव्हेंबर

विचारलं. म्हणे मीच दिले होते, शाळेची दुरुस्ती झाली तेव्हाचे उरलेले. मला काही आठवत नाही.

२७ नोव्हेंबर

२००८ लिहिलं. त्या वर्षी लोकांनी परकर एका पक्षाचा आणि पोलकं दुसऱ्याचं घातलं: राष्ट्राध्यक्ष कंदिलाचा, खासदार होडीचा. होडी शेवटी निवडून आली, पण एफोशिवाय. त्याने पुन्हा उभं राहायला साफ नकार दिला होता.

आणि २००४ च्या निकालावर कोर्टातही गेला नाही. वकील तयार होता, मी कागद तयार केले होते. "राहू दे, दोत्से," एवढंच म्हणाला. का राहू दे? भ्याला? की त्यालाही कुणी गाठलं होतं? माझ्याच भावाबद्दल हे लिहितोय. लाज वाटते, पण मनात येतं ते येतंच.

२०११ ला एफो गेला. वोर्लान्योने मयताला रिवाजाप्रमाणे जिनची बाटली पाठवली. मी ती परत पाठवली, आणि त्याला दारातही उभं राहू दिलं नाही. तो रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली काळं कापड नेसून दिवसभर उभा होता. नाटकी माणूस.

२९ नोव्हेंबर

इतिहासात काय लिहितोय ते वोर्लान्योच्या कानावर गेलं. त्याची मुलगी निरोप घेऊन आली. बिचारी मान खाली घालून बोलली: "बाबा म्हणतात, नाव लिहायचंच असेल तर मास्तरांना म्हणावं अक्षर नीट काढा. त्यांचं अक्षर पहिल्यापासून गचाळ."

चोर तो चोर, वर शिरजोर. मोकळ्या जागेत त्याचं नाव लिहिलं. सध्या पेन्सिलीने.

२ डिसेंबर

पाच दिवसांवर मतदान. आब्लावी आत्या एक्याण्णव वर्षांची, तरी मत द्यायचंच म्हणते. होडीवाल्यांनी नमुना मतपत्रिका वाटल्यात, तीच घेऊन सरावाला बसवलं. तिने भांड्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि ठसा उमटवला — होडीवाल्याच्या फोटोच्या वर. बरोबर रेघेवर.

"आत्या, रेघेवर गेला. हे मत बाद."

"बाद कसं? तूच तर शिकवलंस. सेन्योच्या वेळेला."

"मी?"

"मग कोण? आम्ही बायका म्हणालो, फोटोतल्या जित्या माणसाच्या तोंडाला काळं कसं फासायचं, आपल्यात ते मेल्यावर करतात. जिल्ह्याला जाणारा तुझा ट्रक सुटायला आलेला. म्हणालास, मग डोक्यावर ठेवा, आशीर्वादाला हात ठेवता तसा. किती हसलो होतो आम्ही."

आठवलं. सगळं आठवलं. कडुनिंबाखाली बसलेल्या बायका, ट्रकचा भोंगा, स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश झालेला मी. मतपत्रिकेचा नमुना तेव्हा मी बघितलाच नव्हता. फोटोतलं एफोचं डोकं वरच्या रेघेला टेकलेलं होतं. डोक्यावर म्हणजे रेघेवरच.

"किती जणी होतात, आत्या?"

"सगळ्या होतो की. चाळीसच्या वर. आता पाच उरल्यात." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "का रे, चुकलं का आमचं?"

नाही म्हणालो. तिचा अंगठा पुसून दिला. मग घरी येऊन दार लावून रडलो. एकाहत्तरावं वर्ष आहे माझं.

३ डिसेंबर

काही लिहवत नाही.

४ डिसेंबर

सकाळी वोर्लान्योकडे गेलो. त्याने खुर्ची पुढे केली. म्हणालो, तुला ठाऊक होतं. म्हणाला, "मोजणीतच कळलं. ठसे बघून एसिनामला तुझं ते डोक्यावर हात ठेवायचं बोलणं आठवलं. त्याच संध्याकाळी मी आणि एसिनामने सेन्योला सांगितलं. तो म्हणाला, दोत्सेला कधी कळू देऊ नका, तो जगायचा नाही. त्याला चोर लागेलच, वोर्लान्यो, तर तो तू हो."

पेन्सिलीचं नाव खोडलं. तिथे शाईने माझं लिहिलं. अक्षर नीट काढलं.